गवतातली तडकलेली घंटा

हे सगळं खरं आहे.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी वाचू नये. मी कुणाच्या दारात ऐकवायला आलेली नाही.

मी ऑर्फा स्टेन्झेल. वय एकोणऐंशी. शाळा सहावीपर्यंत. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी ती दगडी शाळा अजून उभी आहे. जिथे मला कोपऱ्यात उभं करायचे, तिथे आता शिकागोची माणसं उभी राहून फोटो काढतात. माझ्या लिहिण्यात चुका असतील. सांगण्यात नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरा एप्रिल. अमेरिकेतल्या कॅन्ससमधला फ्लिंट हिल्सचा माळ. आमचं उत्तरेचं कुरण.

रात्र नव्हती.

दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन होतं. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या माळावर भर दुपारी एकटं उभं राहून बघावं. चारी बाजूंना गवत. झाड नाही. घर नाही. हाक मारली तर ती परत येत नाही…

आपटायला काही नाहीच तिथे.

या गवताला आता लोक विमानानं बघायला येतात. ही माझ्या सुनेची, ट्रुडीची करामत. विचिटा शहरातली पोर. माझा मुलगा वेंडेल तिला घेऊन आला तेव्हा तिला गाय आणि बैल लांबून ओळखता येत नव्हते. माझा नवरा एल्डन गेला आणि तिनं घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. चालायच्या वाटा आखल्या. बायसनचा कळप, जुन्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, पहाटे माळकोंबड्यांचा नाच, सगळं दाखवायची. आणि एप्रिलमध्ये आग.

"गवत बघायला पैसे देतात?" मी तिला विचारलं होतं.

"लोक समुद्र बघायला देतात ना, मा? तसंच."

"समुद्रात मासे तरी मिळतात."

"आणि इथे तुम्ही मिळता. पाहुणे गवतापेक्षा तुमचंच कौतुक जास्त करतात."

पोरीच्या जिभेला धार आहे. मला आवडते ती. तिला सांगू नका.

तर आग. आमच्याकडे दर वसंतात कुरण पेटवतात. गेल्या सालचं वाळलेलं गवत जाळलं नाही तर खालून नवं येत नाही आणि काटेरी झुडपं माजतात. आधी कुरणाच्या कडांनी पट्टे जाळून काळे करायचे. मग वाऱ्याच्या बाजूनं मोठी आग सोडायची. ती धावत जाते आणि काळ्या पट्ट्याला टेकून मरते. माणसानं कायम काळ्यावर उभं राहायचं. एकदा जळलेलं परत जळत नाही. आमची पोरं चालायला शिकतात तेव्हाच हे शिकतात.

धुरात माणूस दिसत नाही. म्हणून आमच्या घराण्यात घंटा.

गाईच्या गळ्यातल्या घंटा. एल्डनच्या आजीपासूनची रीत. जो आगीवर जाईल त्याच्या हातात एक घंटा. दोनदा वाजवली की मी काळ्यावर आहे, ठीक आहे. समोरच्यानं दोनदा वाजवून उत्तर द्यायचं. तीनदा वाजली की मी अडकलोय, या. तीन ऐकली की हातातलं टाकून धावायचं. आता सगळ्यांकडे रेडिओ असतात, आमच्याकडेही दोन आहेत. पण आमच्या खळग्यात ते नुसते खरखरतात. घंटेला खळगा नाही नि टेकडी नाही.

ट्रुडीला हे सगळं मीच शिकवलं. रागावून, ओरडून.

"काहीही होऊ दे," मी तिला म्हटलं होतं, "पण गवतातून घंटा आली आणि तू उत्तर दिलं नाहीस, तर या घरात पाय ठेवू नकोस."

एवढी कडक का, ते तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, ठाऊक आहे आपल्याला.

सगळ्यांनाच वाटतं ठाऊक आहे.

एल्डन त्याच कुरणात, जाळायच्या दिवशीच गेला. त्याला त्या एप्रिलला चार वर्षं झाली होती. आगीनं नाही गेला. मधल्या खळग्यात एक झरा आहे, तिथली जमीन कायम ओली. गवत तिथे सगळ्यात उंच, माणूस बुडेल एवढं. तिथे तो पडला. छाती बंद पडली. वेंडेलला सापडला तेव्हा त्याच्या मुठीत घंटा होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी कळलं असतं तर…

मी फाटकाजवळ होते. वारा जोरात होता. मला काही ऐकू आलं नाही.

हे मी शेरीफला सांगितलं. पाद्रीबाबाला सांगितलं. वेंडेलला सांगितलं.

त्याची घंटा वेगळी होती. बिडाची, एका बाजूनं तडकलेली. ठण्ण असा आवाज नाही यायचा तिचा. ठक. ठक. लाकडी पायाच्या माणसानं पायरी चढावी तसा. माती दिल्यावर मी तिच्यातला लोलक काढला आणि पिठाच्या खणात टाकला. रिकामी घंटा स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लावली. मुकी.

तर… ती अकरा एप्रिल.

वारा दक्षिणेचा, मंद. जाळायला याहून चांगला दिवस मिळत नाही. पाहुणे चार आले होते. मी त्यांना आग्नेयेच्या फाटकापाशी पाण्याच्या गाडीजवळ उभं केलं. दुपारपासून कडा जाळून झाल्या. वेंडेल दक्षिण कडेच्या पश्चिम टोकाला, तेलाची मशाल घेऊन. ट्रुडी पूर्वेच्या काळ्या पट्ट्यावर. मधोमध अर्धा मैल उभं, पिवळं, वाळलेलं गवत. आणि त्यात तो खळगा.

पाहुण्यांत एक बाई होती. नवरा वारलेला, चष्मा, मोठी टोपी. सारखे प्रश्न.

"तुम्हाला भीती नाही वाटत आगीची?"

"मला पाहुण्यांची वाटते," मी म्हटलं. "आग प्रश्न विचारत नाही."

बाई हसली. चांगली होती बिचारी.

मोठी आग सोडायच्या आधी घंटेची हजेरी घ्यायची असते. मी फाटकावर चढले. दोनदा वाजवली.

पश्चिमेकडून वेंडेल. दोन.

पूर्वेकडून ट्रुडी. दोन.

झालं. आता मी टोपी हलवायची आणि वेंडेलनं पेटवायचं.

मी टोपी काढली…

आणि खळग्यातून आवाज आला.

ठक.

ठक.

ठक.

माझा हात तसाच वर राहिला.

"तो आवाज कसला?" चष्मेवाल्या बाईनं विचारलं.

"गाय."

"पण गाई तर तुम्ही कालच दुसऱ्या कुरणात नेल्या म्हणालात ना?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. मी गवताकडे बघत होते. वारा होता, पण खळग्यावरचं गवत हलत नव्हतं. भोवतीचं सगळं वाकत होतं. तेवढंच ताठ उभं होतं.

ती घंटा माझ्या घरात होती. दारामागे. खिळ्याला. सकाळी मी तिच्याखालचा झाडू उचलला होता.

आता मी काय केलं ते सांगते. लपवायचं वय राहिलेलं नाही.

मी टोपी हलवली.

हो. तीन ऐकूनही हलवली. मला तो आवाज नको होता. वाटलं, जळून जाऊ दे. गवत जळालं की आवाजही जाईल. कुरणात कोणी नाही, सगळे काळ्यावर आहेत, हजेरी झाली आहे. मी मनाला असंच सांगितलं.

वेंडेलनं मशाल टेकवली. पश्चिमेच्या कोपऱ्यात जाळ उठला. तो कडेकडेनं माझ्या दिशेनं चालू लागला, मागे आगीची ओळ सोडत.

ठक. ठक. ठक.

पुन्हा. आणि त्या पाठोपाठ…

ठण्ण. ठण्ण.

ट्रुडीची घंटा. उत्तर.

ती पूर्वेच्या पट्ट्यावरून आली नाही. पट्ट्याच्या आतून आली.

गवतातून.

पोरीनं तीन ऐकल्या होत्या. पोरीला वाटलं, पाहुणा कोणी आत शिरला, अडकला. हातातलं सगळं टाकून ती धावली होती. मी शिकवलं तसं. अगदी मी शिकवलं तसं.

"ट्रुडी!"

माझा आवाज फाटकाच्या पलीकडेही गेला नसेल. आग बोलायला लागली होती. आमच्या गवताची आग बोलते, आगगाडी आल्यासारखी. रेडिओ उचलला. खरखर.

ठक. ठक. ठक.

आता आवाज मघापेक्षा पुढे होता. पश्चिमेला. आगीच्या बाजूला.

ठण्ण. ठण्ण. पोर त्याच्या मागे चालली होती.

मला गवताच्या शेंड्यांत तिची वाट दिसत होती. गवत दुभंगत होतं, मिटत होतं. तिची निळी टोपी एकदा दिसली, बुडाली. आणि तिच्या पुढे, दहा-बारा पावलांवर… अजून एक वाट. तिथेही गवत दुभंगत होतं.

त्या वाटेत टोपी नव्हती. माणूस नव्हता. काहीच नव्हतं.

"अहो, ती कुठे चालली आहे?" चष्मेवाली बाई किंचाळली. "तिला बोलवा ना! घंटा वाजवा ना!"

घंटा माझ्या हातातच होती.

तुम्ही म्हणाल, मग वाजवली का नाहीस, म्हातारे? सांगते. मी वाजवली असती तर ती ट्रुडीनं ऐकली असती. पण ती एकटीच ऐकणारी नव्हती तिथे. तीनला उत्तर मागत कोणीतरी उभं होतं. चार वर्षं उभं होतं.

लोलक बोटांत पकडून मी उभी होते. आगीची ओळ निम्म्यावर आली होती. वेंडेल धुरात. त्याला काहीच ठाऊक नाही, आपली बायको आपल्या जाळापुढे आहे ते.

पोराला बाप याच कुरणात सापडला होता.

मी बोटं सोडली. दोन्ही हातांनी घंटा डोक्यावर धरली आणि वाजवली. तीन. पुन्हा तीन. पुन्हा तीन.

धुरात वेंडेलची मशाल थांबली. तीन ऐकून थांबला पोरगा. आगीची ओळ तिथेच तुटली. पूर्वेचा भाग मोकळा राहिला.

गवतात निळी टोपी वळली.

आणि ती दुसरी वाट…

थांबली.

तडकलेली घंटा गप्प झाली. एका क्षणात. बोलता बोलता कोणी आपलं नाव ऐकावं तशी.

ट्रुडी पूर्वेच्या काळ्या पट्ट्याकडे पळत सुटली. ती पडली, उठली, पुन्हा पळाली. ती काळ्यावर येऊन गुडघ्यांवर कोसळली तेव्हा जाळ तिच्या मागे तीस पावलांवर होता.

पण मी तिच्याकडे बघत नव्हते. देवा, मला माफ कर. मी त्या वाटेकडे बघत होते.

ती वळली होती.

गवत दुभंगत होतं. सावकाश. सरळ माझ्याकडे.

तिच्या मागे आग होती आणि ती आगीच्या पुढे चालत होती, पण घाई नव्हती तिला. मधे मधे थांबत होती. दोन पावलं आणि थांबा. दोन पावलं आणि थांबा. एल्डनचा उजवा गुडघा घोड्यानं मोडला होता, मी त्याच्याशी लग्न केलं त्याच्याही आधी. पंचावन्न वर्षं मी ती चाल ऐकली. अंगणात, जिन्यावर, माझ्या मागे.

फाटकापासून हातभर अंतरावर गवत थांबलं.

मला काही दिसलं नाही. वास आला. ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा.

मग आग आली आणि पाहुण्यांनी मला ओढून गाडीमागे नेलं.

संध्याकाळी सगळं काळं झाल्यावर वेंडेल फाटकापाशी आला.

"मा, हे बघ."

काळ्या कुरणात एक पट्टा जळला नव्हता. पिवळा. दीड फूट रुंद. खळग्यातल्या झऱ्यापासून थोडा पश्चिमेला, मग वळून सरळ फाटकापर्यंत. आखल्यासारखा.

"ओल असेल," वेंडेल म्हणाला. "वाऱ्यानं होतं असं."

"होतं," मी म्हटलं.

दोघांनीही त्या पट्ट्यावर पाय ठेवला नाही. मोठा वळसा घालून गाडीकडे आलो.

ट्रुडीच्या भुवया जळल्या होत्या. मी तिला मलम लावत होते स्वयंपाकघरात.

"मा, माझ्या पुढे कोण होतं?"

"धूर होता."

"धूर घंटा वाजवतो?"

मी मलमाचं झाकण लावलं.

"मी हाका मारत होते त्याला," ती म्हणाली. "म्हटलं, थांबा, मी आले. तो थांबतच नव्हता. मग तुम्ही वाजवली आणि तो असा… अंगावरून गेला माझ्या. तुमच्याकडे. काय सांगू, मा, मला भीती नाही वाटली तेव्हा. मला रडू आलं. कुणी इतकं एकटं असेल असं मला वाटलं नव्हतं."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. जळक्या भुवयांची पोर. सरळ बघितलं.

"मा, एल्डन गेले त्या दिवशी… तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नव्हतं?"

"सांगितलंय ना एकदा. वारा होता."

दारामागे ती घंटा टांगलेली होती. लोलक नसलेली. ट्रुडी उठून झोपायला गेल्यावर मी त्या घंटेला हात लावला.

तिला काजळी होती. ओली काजळी.

त्या वर्षी शेवटले पाहुणे गेले आणि ट्रुडी-वेंडेल गावात राहायला गेले. ट्रुडीला इथे झोप लागेना. वेंडेल दिवसा गुरांना येतो, उजेडात परत जातो. रविवारी ट्रुडी पाव करून आणते. दार उघडायच्या आधी हाक मारते. घंटा ती हातात धरत नाही.

"चला ना आमच्याकडे, मा," दर रविवारी म्हणते. "तिथे तुम्हाला टोमणे मारायला शेजारीण आहे एक. मुद्दाम बघून ठेवली आहे."

"तिला माझ्यासाठी जगवून ठेव," मी म्हणते. पण जात नाही.

का जात नाही ते आता लिहिते. हे मी शेरीफला नाही सांगितलं. पाद्रीबाबालाही नाही.

एल्डन गेला त्या सकाळी, म्हणजे या आगीच्या चार वर्षं आधी, न्याहारीला तो म्हणाला होता, "ट्रुडीचा पाव तुझ्यापेक्षा हलका होतो गं." हसत म्हणाला. एवढंच. त्यावर मी अबोला धरला. पंचावन्न वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. दुपारी फाटकावर मी उभी होते, घंटा हातात होती, वारा नव्हता. गवताचं पातंही हलत नव्हतं.

ठक. ठक. ठक.

मला ऐकू आलं होतं.

तीन. स्वच्छ. मला वाटलं, मला बोलवायला करतोय, माझा अबोला मोडायला. म्हटलं, वाजव. वाजव हवं तितकं. मी लोलक बोटांत पकडला आणि उभी राहिले. तो बराच वेळ वाजवत होता. मग थांबला. आणि मला वाटलं, मी जिंकले.

आता रोज संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमाराला, घंटा वाजते. आधी कुरणातून यायची. गेल्या हिवाळ्यात गोठ्याजवळून आली. कधी दोन नाही वाजली. कायम तीनच.

तुम्ही म्हणाल, त्या दिवशी तू उत्तर दिलंस ना, आता काय हवं त्याला?

मी ट्रुडीसाठी वाजवली होती. त्याच्यासाठी नव्हती. हे मला ठाऊक आहे, आणि त्यालाही.

काल ती पायऱ्यांवरून आली. दोन पावलं, थांबा. मग दाराबाहेर, हातभर अंतरावर… ठक. ठक. ठक.

उत्तर दिलं तर तो आत येईल. आणि मी कधीच दिलं नाही, तर एक दिवस तो कंटाळून निघून जाईल. मग या घरात वारा सोडून काही वाजणार नाही.

सूर्य टेकडीला टेकलाय. वहीची पानं संपत आली. माझी घंटा माझ्या मांडीवर आहे.

लोलक बोटांत धरून बसले आहे.